कंपनीच्या वहींतील माणूस



कंपनीचा वार्षिक अहवाल हा कांहीं सुशिक्षित घरांतला आवडीचा वाचनविषय नव्हे. ज्यांच्या नांवावर चार भाग असतात ते गृहस्थ लाभांशाचा आंकडा पाहतात आणि अहवाल बाजूला ठेवितात. परंतु अलीकडे मोठ्या कंपन्यांच्या अहवालांना एक नवें प्रकरण जोडलें गेलें आहे. त्यांत नफातोट्याचे आंकडे नसतात, माणसांचे असतात. कामावर किती माणसें आहेत, त्यांत बायका किती, अपंग किती, वर्षभरांत अपघात किती झाले, बाळंतपणाच्या रजेवरून किती जणी परत आल्या, किती जण काम सोडून गेले, असे नाना प्रश्न आणि त्यांचीं उत्तरें तेथें छापलेलीं आढळतात. ह्या सगळ्या खटाटोपाला विद्वान् मंडळींनीं ‘शाश्वत मनुष्यबळ-व्यवस्थापन’ असें भारदस्त नांव दिलें आहे. नांव नवें आहे. प्रश्न मात्र मुंबईच्या गिरणगांवाइतका जुना आहे. माणूस कंपनीच्या वहींत कसा शिरला, कोणी त्याला तेथें बसविलें आणि कोण अजून दाराबाहेर उभा आहे, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

प्रथम ‘शाश्वत’ ह्या शब्दाविषयीं दोन शब्द. ही कल्पना मूळची जंगलांतली. जर्मनींतील सॅक्सनी प्रांतांत हान्स कार्ल फॉन कार्लोविट्स नांवाचा खाणखात्याचा एक अधिकारी होता. धातु गाळणाऱ्या भट्ट्यांना लांकूड पुरेनासें झालें तेव्हां त्यानें १७१३ सालीं वनविद्येवर एक ग्रंथ लिहिला आणि त्यांत, जेवढें लांकूड पुन्हां वाढून येतें तेवढेंच तोडावें, असा दंडक सांगितला. इना एनर्ट ह्या जर्मन विदुषीनें २००९ सालच्या आपल्या ग्रंथांत हाच विचार माणसाच्या कामाला लावून दाखविला. शक्तीची झीज भरून येण्यापूर्वींच माणसाला पुन्हां राबविलें तर तो खचतो आणि शेवटीं धंद्यालाही चांगलीं माणसें मिळेनाशीं होतात, असा त्याचा मथितार्थ. माणसाला जंगलाची उपमा द्यावी हें कित्येकांना रुचणार नाहीं. मलाही ती सर्वस्वीं रुचत नाहीं; कारण जंगल बोलत नाहीं, आणि मुंबईचा गिरणीकामगार फार लवकर बोलूं लागला होता.

कावसजी नानाभाई दावर ह्यांची गिरणी १८५६ सालीं ताडदेवला चालू झाली. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत परळ, भायखळा, चिंचपोकळी ह्या भागांत धुराडीं उभीं राहिलीं. त्या काळच्या गिरणीची मोजदाद कशाची असे? चात्या किती, साचे किती, कापूस किती गाठी लागला, सूत किती रत्तल निघालें, भागीदारांना काय मिळालें. कारभार पाहणाऱ्या एजंटांची दलाली बहुधा तयार झालेल्या सुताच्या वजनावर ठरलेली असे. हें कलम लहान दिसतें. पण गिरणीच्या दिवसाची लांबी त्यानें ठरविली. नफा होवो वा तोटा होवो, जितकें सूत अधिक निघेल तितकी एजंटाची प्राप्ति अधिक. मग यंत्र थांबवावें कोणीं आणि कशासाठीं? सूर्योदयाला सुरू झालेलें काम सूर्यास्ताला थांबे, तेंही दया म्हणून नव्हे, दिसेनासें होई म्हणून. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं गिरण्यांत विजेचे दिवे आले तेव्हां कित्येक ठिकाणीं दिवस चौदा-पंधरा तासांचा झाला, ह्यावरून ही गोष्ट पुरेशी स्पष्ट होते. कामगाराची नोंद असे ती एका मस्टरवर. हजर कीं गैरहजर, एवढीच.

सरकारनें १८७५ सालीं मुंबईंत पहिलें फॅक्टरी कमिशन बसविलें. ह्या चौकशीमागें सर्वस्वीं भूतदया होती असें समजण्याचें कारण नाहीं. मुंबईच्या सुतानें लँकाशायरच्या गिरणीवाल्यांची झोंप उडविली होती आणि मुंबईचे तास कमी व्हावे ही त्यांची उघड इच्छा होती. त्यामुळें आपल्या इकडच्या अनेक देशाभिमानी पुढाऱ्यांनीं कायद्याला विरोध केला, आणि मधल्यामध्यें कामगाराच्या बाजूनें बोलणारे थोडेच उरले. १८८१ चा पहिला कायदा आला तो अशा ओढाताणींतून. सात वर्षांखालील मुलास कामावर घेऊं नये, सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून नऊ तासांपेक्षां अधिक काम घेऊं नये, त्याला महिन्यास चार सुट्या द्याव्या, असे त्यांतले मुख्य नियम. तोही शंभर अथवा अधिक माणसें असलेल्या कारखान्यांपुरताच. प्रौढ पुरुष आणि बायका ह्यांच्या तासांविषयीं कायदा मुग्ध होता.

येथें नारायण मेघाजी लोखंडे पुढें येतात. जोतीराव फुले ह्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. १८८४ सालीं मुंबई सरकारनें दुसरें कमिशन नेमलें तेव्हां सप्टेंबर महिन्यांत लोखंड्यांनीं कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० जणांच्या सह्यांचा अर्ज कमिशनपुढें ठेविला. त्यांतल्या मागण्या अशा: रविवारीं सर्वांस सुटी असावी, दुपारीं अर्धा तास विसावा मिळावा, काम सकाळीं साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्तास थांबावें, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आंत मिळावा, आणि यंत्रांत सांपडून जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पुरा पगार व जन्माचा अधू झालेल्यास निर्वाहाची सोय असावी.

हा अर्ज आणि आजच्या एखाद्या कंपनीचा शाश्वततेचा अहवाल शेजारीं ठेवून पाहिले तर मोठी मौज वाटते. विश्रांति, कामाचे तास, वेळेवर वेतन, अपघात, भरपाई, हीं सारीं प्रकरणें त्या साध्या अर्जांत आहेत. ग्रंथकारांना नंतर नवें फारसें सुचलें असें नाहीं. शिवाय ह्या मागण्यांत एक गर्भित गोष्ट होती. पगार अमुक तारखेला द्यावयाचा म्हटलें कीं पगाराची वही हवी. जखमीस भरपाई म्हटलें कीं अपघाताची वही हवी. म्हणजे कामगार केवळ दया मागत नव्हते. ‘आमची नीट नोंद ठेवा’ असें ते सांगत होते.

त्यांना काय मिळालें आणि केव्हां? १८९० च्या एप्रिलांत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तींत दोन कामगार स्त्रियांनीं भाषणें केलीं, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हे. त्याच वर्षीं जूनमध्यें मालकांच्या मंडळानें रविवारची सुटी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्यानें आठवड्याची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांति आणि बायकांना अकरा तासांची मर्यादा आली. पुरुषाच्या दिवसाला कायद्याची मर्यादा पडली ती १९११ सालच्या कायद्यानें, तीही बारा तासांची. जखमीच्या भरपाईचा कायदा व्हावयास १९२३ साल उजाडलें. आणि पगाराच्या तारखेचें काय? तो नियम १९३६ च्या वेतन-कायद्यांत आला. साधी पंधरा तारीख मागितली होती, तिला बावन्न वर्षें लागलीं. लोखंडे १८९७ सालींच प्लेगमध्यें सेवा करीत असतां वारले होते.

सर्वच मालक डोळे मिटून होते असें म्हणणें अन्यायाचें होईल. नागपुरास जमशेटजी टाटा ह्यांची एम्प्रेस मिल १८७७ च्या १ जानेवारीस उघडली. तेथें १८८६ सालीं पेन्शन फंड, १८९५ पासून अपघाताची भरपाई आणि १९०१ सालीं प्रॉव्हिडंट फंड, अशा सोयी कायद्याची वाट न पाहतां झाल्या. नागपूरकडे कामगारांची हजेरी बेभरंवशाची होती आणि शिकवून तयार केलेला माणूस टिकवून धरणें मालकाच्याच हिताचें होतें. ह्यांत त्या गृहस्थाची थोरवी कमी होत नाहीं. उलट झीज भरून काढण्यांत शहाणपण आहे हें एनर्टबाईंच्या आधीं शंभर वर्षें कोणाच्या तरी व्यवहारांत आलें होतें, एवढेंच दिसतें. पण एका भल्या मालकाची वही दुसऱ्या मालकास बांधील नसते.

माणसांची खरी मोजदाद सुरू झाली ती सरकारच्या लेबर ऑफिसनें. १९२१ सालीं मुंबईंत ही कचेरी निघाली. फिंडले शिरस हे तिचे पहिले डायरेक्टर, आणि ‘लेबर गॅझेट’ हें तिचें मासिक. ह्या कचेरीच्या लोकांनीं चाळींतून हिंडून कामकरी कुटुंबांचे जमाखर्च टिपले आणि १९२३ सालीं ते प्रसिद्ध केले. त्यांतून निघालें कीं शेंकडा ९७ कुटुंबें एकेका खोलींत राहतात. आणि गिरणीकामगाराच्या ताटांत पडणारें धान्य मुंबईच्या तुरुंगांत कैद्याला नेमून दिलेल्या धान्यापेक्षां कमी आहे. हें वाक्य कोणा चळवळ्या पुढाऱ्याचें नव्हे, सरकारी अहवालाचें आहे.

त्याहून विदारक चौकशी डॉ. बार्न्स ह्या बाईंची. सरकारनें त्यांना गिरणींत काम करणाऱ्या बायकांची बाळंतपणाची स्थिति पाहण्यास नेमिलें होतें आणि त्यांचा अहवाल १९२२ सालीं ‘लेबर गॅझेटां’त आला. आई दिवसभर साच्यापाशीं. मूल खोलींत, नाहीं तर गिरणीच्याच एखाद्या कोपऱ्यांत. तें रडूं नये म्हणून त्याला अफूची बाळगोळी दिली जाई. अशा मातांच्या मुलांपैकीं शेंकडा ९८ मुलांना अफू मिळत असल्याचें बाईंनीं नोंदलें. गिरणीच्या कोणत्या वहींत हा आंकडा सांपडला असता? कोणत्याच नाहीं. गिरणीच्या दृष्टीनें ती बाई मस्टरवर ‘हजर’ होती, म्हणजे सर्व ठीक होतें. बाहेरच्या माणसानें विचारलें म्हणून आंकडा जन्मास आला; आणि आंकडा आला म्हणून मुंबईच्या कायदेमंडळांत वादास धार चढली. १९२८ सालीं त्या बिलाच्या चर्चेंत डॉ. आंबेडकर ह्यांनीं त्याला पाठिंबा दिला, आणि १९२९ सालीं मुंबई इलाख्याचा प्रसूति-साहाय्याचा कायदा झाला. हिंदुस्थानांतला असा हा पहिलाच प्रांतिक कायदा.

तीच गोष्ट दंडाची. गिरण्यांतून ‘डबल खाडा’ नांवाची रीत होती. एक दिवस गैरहजर राहिलें तर दोन दिवसांचा पगार कापावयाचा! विणतांना कापड खराब झालें तर तें विणकराच्याच गळ्यांत मारून त्याची किंमत पगारांतून वळती करावयाची, ही दुसरी रीत. १९३६ च्या कायद्यानें खाड्याचा पगार खाड्यापुरताच कापावा असें ठरविलें, दंडाला रुपयामागें अर्धा आणा ही मर्यादा घातली, आणि प्रत्येक दंडाची वही ठेवणें मालकास भाग पाडलें. वही ठेवावी लागली कीं हात आपोआप आखडतो, असा ह्या बाबतींतला अनुभव आहे.

आतां त्या माणसाकडे वळूं, जो कोणत्याच वहींत नीट बसला नाहीं. तो म्हणजे बदलीवाला. पहांटे भोंग्याच्या आधीं गिरणीच्या फाटकाशीं माणसांचा घोळका उभा असे. आंत जे कायम होते त्यांच्यापैकीं कोण आला नाहीं हें पाहून जॉबर बाहेर येई आणि घोळक्यांतून हवे तितके वेचून घेई. बाकीचे घरीं जात. कोणाला वेचावें हें जॉबरच्या मर्जीवर. त्यामुळें त्याचा हात ओला करावा लागे. आज काम आहे, उद्यां नाहीं. महिन्याला किती दिवस भरतील ह्याचा नेम नाहीं. ह्या माणसाच्या बळावर गिरणी रोज पुऱ्या चात्यांनिशीं चाले, आणि कामगारांची संख्या सांगतांना मात्र तो कधीं धरला जाई, कधीं वगळला जाई. १९३५ सालीं मालकांच्या मंडळानें बदलीला वळण लावण्याची योजना काढली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस ठराविक लोकांना बदलीचीं कार्डें द्यावयाचीं, त्यांनीं रोज सकाळीं हजर व्हावें आणि रिकाम्या जागा त्यांच्यांतूनच भराव्या, अशी ती योजना. जॉबरची मनमानी तीमुळें कांहींशी कमी झाली. पण कायमपणा आला नाहीं. पुढें १९८२ च्या १८ जानेवारीस दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखालीं सुमारे अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले, तेव्हां बदलीवाल्यांना कायम करा ही त्यांची एक मागणी होतीच.

वहींत न दिसणारी आणखी एक भिंत होती. साचेखात्यांत म्हणजे विणकामांत पगार चांगला. पण तेथें अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना प्रवेश नसे. कांडी बदलतांना धोट्याच्या भोकांतून सूत तोंडानें ओढून घ्यावें लागे, आणि एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्यानें तोंडास लावावयाचा कसा, हें कारण सांगितलें जाई. १९२८ च्या मोठ्या संपांत डॉ. आंबेडकरांनीं हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढें रोखठोक मांडला. किती विणकर, किती साचे, हें सारें छापलेलें होतें. कोणास साच्यापाशीं उभें राहूं दिलें जात नाहीं, हें कोठेंच छापलेलें नव्हतें.

ह्यापुढची हकीकत मी झपाट्यानें सांगतों. स्वातंत्र्यानंतर कायदे वाढले, वह्याही वाढल्या. पण त्या कारखान्याच्या इन्स्पेक्टरसाठीं होत्या, जनतेसाठीं नव्हत्या. फ्रान्सनें १९७७ सालीं एक निराळी वाट धरली. मोठ्या कारखान्यांनीं दरसाल ‘सामाजिक ताळेबंद’ करावा, आणि तो प्रथम कामगारांच्या निवडलेल्या मंडळापुढें ठेवून त्यांचें मत घ्यावें, असा कायदा तेथें झाला. आपल्याकडे टाटांच्या पोलाद कंपनीनें आपली सामाजिक तपासणी बाहेरच्या त्रयस्थ मंडळींकडून करून घेतली. मुंबई हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायमूर्ति कोतवाल, रजनी कोठारी आणि प्रा. मावळंकर ह्यांच्या समितीचा तो अहवाल १९८० सालचा. १९९७ सालीं अमेरिकेंत बॉस्टनला एक संस्था निघाली, तिनें अशा अहवालांचा जागतिक नमुना तयार केला. आणि आपल्या मुंबईंतल्या ‘सेबी’नें प्रथम २०१२ सालीं पहिल्या शंभर कंपन्यांना आणि नंतर २०२१ च्या हुकुमानें, २०२२-२३ सालापासून, बाजारभावानें पहिल्या हजार कंपन्यांना असा अहवाल सक्तीचा केला.

ह्या सरकारी नमुन्यांत पुष्कळ चांगलें आहे. विमा, पाळणाघर, बाळंतपणाची रजा, बापाला मिळणारी रजा, युनियनचे सभासद किती, किमान वेतनापेक्षां अधिक मिळविणारे किती, स्त्रीपुरुषांच्या वेतनांतलें अंतर किती, हें सारें विचारलें आहे. डॉ. बार्न्स ह्यांना हा तक्ता मिळता तर बरेंच काम वांचतें. परंतु तेथें बदलीवाल्याचें स्थान कोणतें? संख्या देतांना कायम आणि कायमाव्यतिरिक्त असे दोन वर्ग आहेत, हें उत्तम. मात्र वर्षभरांत किती माणसें काम सोडून गेलीं, हा झिजेचा सर्वांत बोलका आंकडा केवळ कायम माणसांपुरताच मागितला आहे! फाटकाशीं उभ्या असलेल्या घोळक्यांतून काल कोण होता आणि आज कोण नाहीं, हें येथेंही कोणी विचारीत नाहीं. आणि हा घोळका लहान नाहीं. सरकारच्या कारखान्यांच्या पाहणीप्रमाणें २०२२-२३ सालीं दर शंभर कामगारांत सुमारे चाळीस कंत्राटदारामार्फत आलेले होते.

ही उणीव केवळ आपल्याकडची नव्हे. एनर्टबाई आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं जगांतल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांचे अहवाल तपासून २०१६ सालीं निबंध प्रसिद्ध केला. कंपन्या माणसांविषयीं जें लिहितात तें निसर्गाविषयींच्या मजकुरापेक्षां कमी नसतें. पण लिहितात तें मुख्यत्वें आपल्या घरच्या माणसांविषयीं, बाहेरून माल व श्रम पुरविणाऱ्यांकडील माणसांविषयीं थोडेंच, असें त्यांस आढळलें. सेबीनें २०२३ सालीं मोठ्या कंपन्यांना ह्या पुरवठादारांकडीलही माहिती द्या, नाहीं तर न देण्याचें कारण सांगा, असें फर्माविलें होतें. २०२५ सालीं तें ऐच्छिक करण्यांत आलें.

शिवाय फ्रान्सचा ताळेबंद आधीं कामगारांपुढें जातो, आपला अहवाल जातो तो भागधारकांकडे आणि शेअरबाजाराकडे. ज्याच्याविषयीं लिहिलें त्याला ‘हें खरें आहे काय?’ असें विचारण्याची जागा आपल्या नमुन्यांत नाहीं. म्हणून तें काम कांहीं अंशीं भागधारकांवर, म्हणजे श्रोत्यांपैकीं कित्येकांवर येऊन पडतें. अहवालाच्या पहिल्याच भागांत माणसांचा तक्ता असतो. त्यांत कायम किती आणि इतर किती, ह्या दोन ओळी गेल्या वर्षींच्या अहवालाशीं ताडून पाहाव्या. कायमांची संख्या घटून इतरांची वाढली असेल, तर सोडून जाणाऱ्यांचें प्रमाण कमी दिसण्याचें कारण तेथेंच असूं शकेल. इतरांपैकीं किती जण वर्षभर टिकले हा प्रश्न वार्षिक सभेंत विचारतां येतो. सभेची नोटीस अहवालाबरोबरच येते.